राजवाड्यातल्या वस्तूंची डिजिटल नोंद: बेनिनच्या कामातून आपण काय घ्यावं

हे पत्रक आमच्या ग्राहकांसाठी आहे. जुने वाडे सांभाळणारी घराणी, देवस्थानांचे विश्वस्त, गावातली छोटी संग्रहालयं चालवणारी मंडळं, आणि आजोबांच्या पेटीत काय काय आहे ते एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटणारी घरं, ही आमची ग्राहक मंडळी. वस्तूंचे फोटो काढणं, त्रिमिती स्कॅन करणं आणि त्यांची नोंदवही संगणकावर तयार करणं हा आमचा व्यवसाय.

चौकशीला आलेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'एका वस्तूचे किती घेता?' हा असतो. दर आम्ही सांगतोच. पण त्या दरात काय काय यायला हवं, हे समजावून सांगताना आम्हाला पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन राज्याचं उदाहरण सगळ्यात उपयोगी पडतं. ते काम आमचं नाही. मात्र या क्षेत्रात शिकण्यासारखं जे झालं आहे, त्यात ते फार वरचं आहे.

बेनिनमध्ये काय घडलं

बेनिनचं राज्य आजच्या नायजेरियाच्या दक्षिणेला, एडो नावाच्या प्रांतात. तिथल्या लोकांचं आणि त्यांच्या भाषेचं नावही एडोच. राजधानी बेनिन सिटी. नकाशावर शेजारी बेनिन नावाचा देश दिसतो, तो वेगळा. इथल्या राजाला 'ओबा' म्हणतात आणि ही गादी आजही आहे. २०१६ पासून ओबा एवुआरे दुसरे गादीवर आहेत.

राजवाड्याच्या खांबांवर पितळेचे ओतीव फलक होते. दरबारी, योद्धे, पोर्तुगीज व्यापारी असं सगळं त्यांवर उठावात घडवलेलं. दिवंगत राजांच्या वेद्या होत्या. वेदीवर राजाचं पितळी मस्तक, मस्तकाच्या माथ्यावर भोक, त्या भोकात उभा केलेला कोरीव हस्तिदंत. बाजूला 'उखुर्हे' नावाचे पूर्वजांचे दंड आणि विधीच्या वेळी वाजवायच्या घंटा. हे ओतकाम इगुन गल्लीतले कारागीर मेणाच्या साच्यावरून करत. आपल्याकडे बस्तरचे कारागीर ज्या रीतीने ओततात, तीच ही रीत. इगुन गल्ली आजही ओतकामाचीच आहे.

फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने शहर घेतलं. राजवाडा जळाला, ओबा ओवोनराम्वेन यांना कालाबारला हद्दपार केलं, आणि हजारो वस्तू जहाजांवर चढल्या. काही अधिकाऱ्यांनी स्वतःकडे ठेवल्या, काही सरकारने विकल्या, बऱ्याचशा व्यापाऱ्यांमार्फत लंडन, बर्लिन, हॅम्बर्ग, व्हिएन्ना अशा ठिकाणी गेल्या. कोणती वस्तू कोणत्या वेदीवरून उचलली, याची नीट यादी झालीच नाही. मस्तक एका देशात, त्यावरचा हस्तिदंत दुसऱ्या देशात, घंटा कुणाच्या तरी घरी. वस्तू राहिल्या, पण त्यांचं एकमेकींशी असलेलं नातं तुटलं. आमच्या मते यातली सगळ्यात जड हानी ही, कारण हरवलेली वस्तू कधी तरी सापडू शकते. ती शेजारी कशाच्या होती हे सांगणारं माणूस गेलं की ते कळण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'डिजिटल बेनिन' हा इंटरनेटवरचा संग्रह सर्वांसाठी खुला झाला. त्यात सुरुवातीलाच २० देशांतल्या १३१ संस्थांकडच्या ५,२४६ वस्तूंची नोंद एका जागी आली. काम हॅम्बर्गच्या संग्रहालयातून चाललं, पण नायजेरियातले आणि एडो समाजातले अभ्यासक त्यात पहिल्यापासून होते. म्हणूनच तो संग्रह नुसत्या फोटोंचा अल्बम झाला नाही.

पक्षी वाजवून पाहा

त्यातली एकच वस्तू जवळून पाहू. पितळेचा एक लहान पक्षी. पंख पसरलेले, चोचीत गोळी धरलेली, खाली बारीक दांडा. फोटो कितीही स्वच्छ काढा, पाहणारा म्हणणार, 'शोभेचा पक्षी.'

बेनिनमध्ये याची कथा सांगतात ती अशी. सोळाव्या शतकात ओबा एसिगी इडा नावाच्या दुसऱ्या राज्याच्या राजाविरुद्ध युद्धाला निघाले, तेव्हा एका पक्ष्याने पराभवाचं भाकीत केलं. एसिगींनी पक्षी मारवला, लढाई जिंकली, आणि मग त्या पक्ष्याच्या पितळी प्रतिमा करून घेतल्या. उत्सवात दरबारी हा पक्षी हातात धरून त्याच्या चोचीवर छोट्या दांडक्याने ठोके देतात. म्हणजे हे वाद्य आहे. त्याचा आवाज, तो धरायची पद्धत, कोणी वाजवायचा आणि कधी, हे सगळं नोंदीत आलं नाही तर नोंद अर्धी राहते.

अशाच एका पक्ष्याची आणि एका घंटेची गोष्ट आम्हाला विशेष वाटते. १८९७ च्या मोहिमेत असलेल्या एका अधिकाऱ्याच्या नातवाने २०१४ मध्ये या दोन्ही वस्तू स्वतः बेनिन सिटीला नेऊन राजवाड्याला परत केल्या. आजोबांनी कागदपत्रं मागे ठेवली होती, म्हणून त्याला ठाऊक होतं की घरातला हा पक्षी कुठून आला.

आमच्या नोंदीत म्हणूनच 'वापर' हा रकाना मोठा असतो. तुमच्याकडची घंटा, अब्दागीर, चोपदाराची काठी, पालखीचा दांडा, जे काही असेल, ते कसं वापरतात हे जाणणाऱ्या माणसाकडून आम्ही ते करून दाखवायला सांगतो आणि त्याचं चित्रीकरण करतो. याला वेळ लागतो, आणि दरपत्रकात हा वेळ वेगळा लावलेला असतो. पैसे वाचवायचे असतील तर कमी महत्त्वाच्या वस्तूंचे त्रिमिती स्कॅन गाळा. हे वापराचं चित्रीकरण गाळू नका.

नाव कोणी ठेवलं?

परदेशी संग्रहालयांच्या जुन्या वह्यांत बेनिनच्या वस्तू 'मस्तक', 'काठी', 'दागिना' अशा मोघम नावांनी चढल्या होत्या. डिजिटल बेनिनने प्रत्येक प्रकाराचं एडो नाव शोधून लावलं, त्याचा उच्चार ध्वनिमुद्रित करून ठेवला, आणि बेनिन सिटीतल्या जाणत्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती 'इतान एडो' या विभागात जोडल्या. वस्तूंच्या हातबदलाचाही माग काढला. विल्यम वेबस्टर नावाचा एक इंग्रज व्यापारी बेनिनच्या वस्तूंची सचित्र विक्रीपत्रकं काढत असे. त्यातलं चित्र आणि क्रमांक आजच्या संग्रहालयातल्या वस्तूशी जुळला की मधली वर्षं भरून निघतात.

तुमच्याकडेही असा माग असतो, फक्त तो फाइलमध्ये नसतो. तो मोडीतल्या एखाद्या यादीत, लग्नाच्या फोटोत, आत्याच्या आठवणीत, संदुकीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या चिठ्ठीत असतो. २०२५ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती मिळवली. पात्यावर सोन्याच्या अक्षरांत त्यांचं नाव होतं, म्हणून ती ओळखता आली. बहुतेक वस्तूंवर असं नाव नसतं. त्यांची ओळख बाजूच्या कागदावर आणि माणसांच्या तोंडी असते, म्हणून आम्ही कॅमेरा उघडण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलतो. तुम्ही घरात जे नाव वापरता तेच नोंदीत वर येतं. जाणकाराने सुचवलेलं शास्त्रीय नाव त्याखाली. दोन माणसांनी दोन हकिकती सांगितल्या तर दोन्ही लिहितो, कोणी सांगितली आणि कधी, यासकट.

फोटो काढायच्या आधी घासू नका

ही विनंती फार मनापासून आहे. आम्ही येणार म्हटल्यावर घरोघरी पितळ चिंच-मीठ लावून लख्ख केलं जातं. भावना समजते, पण त्यात वस्तूचा पुरावा धुऊन जातो. बेनिनच्या काही ओतीव मस्तकांच्या आत ओतकामाच्या वेळची गाभ्याची माती चिकटून राहिली होती. त्या मातीच्या तपासणीवरून ओतकामाचा काळ काढता आला. आतून स्वच्छ केलेल्या मस्तकाला ही सोय नाही. तसंच धातूचं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पोर्तुगीज जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत येणाऱ्या पितळी कड्यांचा माग जर्मनीच्या ऱ्हाइनलँड भागातल्या खाणींपर्यंत लागला. ही कडी वितळवूनच बेनिनचं बरंच काम झालं. तेव्हा काजळी, जुनं तेल, शेंदूर, कुंकू, मातीचा थर, आहे तसा राहू द्या. धूळ मऊ ब्रशने आम्ही काढू.

फोटोचं तंत्र थोडक्यात. प्रत्येक वस्तूशेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवतो. चकाकणाऱ्या पितळेला दिवे आणि लेन्स दोन्हींवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारी काच, लावतो, नाहीतर नक्षीऐवजी दिव्याचंच प्रतिबिंब येतं. झिजलेली अक्षरं तिरक्या प्रकाशात उठून दिसतात. त्रिमिती प्रतिमेसाठी वस्तूभोवती फिरत एकमेकांवर चढणारे शे-दीडशे फोटो लागतात. खालची, मागची आणि आतली बाजूही घेतो. जोड, डाग, दुरुस्त्या, जुने क्रमांक हे सगळं तिथेच सापडतं.

आग लागली तर स्कॅन किती कामाचं?

हा प्रश्न हमखास येतो. युगांडातल्या बुगांडा राज्याचं उदाहरण पाहा. कंपालाजवळ कासुबी इथे चार कबाकांची, म्हणजे बुगांडाच्या राजांची, समाधी आहे. गवताने शाकारलेली प्रचंड गोल वास्तू, २००१ पासून जागतिक वारसा यादीत. १६ मार्च २०१० रोजी ती जळाली. सुदैवाने आधीच्या वर्षी तिचं लेझर स्कॅन झालेलं होतं, त्यामुळे मापं हाताशी होती.

पण गवताचं छत मापांवरून उभं राहत नाही. छताच्या आतल्या बाजूला ५२ गोल कडी असतात, बुगांडाच्या ५२ कुळांची. शाकारणीचा मान न्गेये कुळाकडे. कोणतं गवत, कधी कापायचं, पेंढी कशी बांधायची, हे त्या कुळातल्या जाणत्यांकडून तरुणांनी शिकावं लागलं. काम वर्षानुवर्षं चाललं आणि २०२३ मध्ये युनेस्कोने कासुबीला धोक्यातल्या वारशाच्या यादीतून बाहेर काढलं. म्हणून वाडा किंवा मंदिर स्कॅन करून घेणाऱ्यांना आम्ही सांगतो: सुताराचं, गवंड्याचं, चुन्याचं काम जाणणाऱ्याचंही बोलणं नोंदवून घ्या. आपल्याकडे अशी माणसं अजून आहेत आणि ती म्हातारी होत आहेत.

सगळ्यांना सगळं दाखवायचं नसतं

कासुबीच्या समाधीत सालीच्या कापडाचा पडदा असतो. त्यापलीकडचा भाग पवित्र वन मानला जातो आणि सामान्य माणूस तिथे जात नाही. डिजिटल नोंद करताना हा पडदा राखणं आमचं कर्तव्य आहे. तुमच्या देवघरातला टाक, कुलाचाराची एखादी वस्तू, फक्त ठरावीक दिवशी उघडणारी पेटी, हे काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा. प्रत्येक नोंदीला आम्ही तीन पातळ्या ठेवतो: सर्वांसाठी खुली, परवानगीने पाहायची, आणि फक्त कुटुंबासाठी. काही वस्तूंचा फोटोच नको असेल तर नुसतं वर्णन लिहितो. किमती दागिन्यांच्या बाबतीत ठेवायची जागा कोणत्याही खुल्या नोंदीत येत नाही.

फाइल कोणाची, वस्तू कोणाची

इथे आमचं मत स्पष्ट आहे. स्क्रीनवरची प्रतिमा ही परतफेड होऊ शकत नाही. डिजिटल बेनिन खुलं झालं त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीने २० वस्तू नायजेरियाला प्रत्यक्ष नेऊन दिल्या, लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने ७२ वस्तूंची मालकी सोडली, २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९ परत केल्या. ब्रिटिश म्युझियममध्ये मात्र ९०० हून अधिक आजही आहेत. नोंद चोख असली की मागणी ठामपणे करता येते, हा तिचा मोठा उपयोग. परत आलेल्या वस्तू कोणाच्या ताब्यात राहाव्यात, यावरही वाद झाला. मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी राजपत्रातून ओबांची मालकी जाहीर केली. वस्तू कोणाची आणि नोंद कोणाची, हे कागदावर आधी ठरलेलं बरं.

म्हणून आमच्या करारात असं लिहिलेलं असतं: मूळ फाइली तुमच्या. लेखी परवानगीशिवाय आम्ही एकही प्रतिमा जाहिरातीत, प्रदर्शनात किंवा इतर कोणाला देत नाही. मूळ प्रती टिफ स्वरूपात, पाहण्यासाठी हलक्या जेपेग प्रती वेगळ्या. तीन संच, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातला एक दुसऱ्या गावात. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला तपासणी-क्रमांक, काढून देतो, म्हणजे पुढे एखादी फाइल आतून बिघडली तर लगेच कळेल. वर्षातून एकदा हे तपासायचं काम तुम्ही करू शकता, पद्धत आम्ही शिकवतो. नोंदवही साध्या तक्त्यात, युनिकोड मराठीत असते, त्यामुळे उद्या आमचं दुकान बंद झालं तरी ती कोणत्याही संगणकावर उघडेल. तिची छापील बांधीव प्रतही देतो.

पहिली भेट विनाशुल्क असते. त्या दिवशी घरातली सगळ्यात ज्येष्ठ व्यक्ती आणि पूजाअर्चा किंवा उत्सवाचं काम पाहणारी व्यक्ती, दोघंही हजर असतील असा दिवस निवडा. जुने फोटो, वाटणीपत्रं, याद्या, पावत्या एका जागी काढून ठेवा. वस्तू जिथे आहेत तिथेच असू द्या; त्या कशाशेजारी कशा ठेवल्या आहेत, त्याचाच फोटो आम्ही सगळ्यात आधी घेतो.