प्रजातीची निवड (टेबलटॉप रोलप्लेइंग गेम)

प्रजातीची निवड : कल्पनारम्य रोलप्लेइंग गेममध्ये (खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेऊन फाशांच्या साहाय्याने खेळतात त्या खेळात) पात्र तयार करताना ते माणूस, की एल्फ, ड्वार्फ, ऑर्क अशा कल्पित प्रजातींपैकी कोण, हे ठरवण्याची पायरी. पात्र काय करते (लढते, मंत्र टाकते, कुलपे उघडते) हे त्याच्या क्लासवरून, म्हणजे पेशावरून, ठरते, तर ते जन्माने काय आहे हे प्रजातीवरून.

सुरुवातीला ही फारकत इतकी स्पष्ट नव्हती. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असाच एक गेम १९७४ मध्ये आला तेव्हा ड्वार्फला योद्ध्याखेरीज दुसरा क्लास घेता येत नसे. १९८१ च्या बेसिक संचात तर ‘एल्फ’ हाच एक क्लास होता. तो तलवारही चालवी आणि मंत्रही टाकी. दरम्यान १९७८ च्या प्रगत नियमांनी माणसाला वेगळ्याच वाटेने झुकते माप दिले होते. इतर वंशांना अंगभूत गुण मिळत, पण बहुतेक क्लासमध्ये पातळीची (अनुभवाने चढत जाणाऱ्या दर्जाची) मर्यादा असे; माणसाला ती नसे. ड्वार्फ योद्धा कितीही बलवान असला तरी नवव्या पातळीवर थांबे. मोहीम तिथवर पोहोचलीच नाही, तर माणूस निवडणाऱ्याला या सवलतीचा काडीचाही उपयोग नसे.

पुढे वाद रंगला तो आकड्यांवरून. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत हाफ-ऑर्कला (माणूस आणि ऑर्क यांच्या संततीला) ताकदीत +२ मिळे. ताकद १५ असलेला योद्धा त्यामुळे १७ वर जाई आणि फाशाच्या आकड्यात मिळवायचा त्याचा बोनस +२ ऐवजी +३ होई. वीस बाजूंच्या फाशावर हा फरक सरासरी वीस फेकींत एकदाच जाणवतो. तरीही तेवढ्यासाठी योद्धा म्हटला की हाफ-ऑर्क आणि जादूगार म्हटला की नोम (एक बुटकी, हुशार प्रजाती), अशी ठरीव जोडपी जमू लागली. २०२० च्या एका पूरक पुस्तकाने हे गुण हवे तिथे फिरवण्याची मुभा दिली. २०२४ च्या पुस्तकात ते प्रजातीकडून काढून पात्राच्या पार्श्वभूमीशी जोडले गेले. ‘रेस’ऐवजी ‘स्पीशीज’ हा शब्दही याच पुस्तकात रूढ झाला. पाथफाइंडर या दुसऱ्या गेमने त्याआधीच, २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत, ‘अँसेस्ट्री’ हा शब्द घेतला होता.

आकडे गेल्यावर प्रजातीत काय उरले? खरे तर तिची खरी गंमत होती तेच उरले. समजा, चौघे काळोख्या गुहेच्या तोंडाशी उभे आहेत. माणसाला एका हातात मशाल धरावी लागते. म्हणजे ढाल तरी सोडायची, नाहीतर दोन हातांचे धनुष्य तरी. शिवाय मशाल आत दडलेल्यांनाही दिसते. ड्वार्फला मात्र अंधारात १२० फुटांपर्यंत दिसते, तेही करड्या छटांत. रंग ओळखता येत नसल्याने जमिनीवरचा डाग रक्ताचा की शाईचा, हे त्यालाही मशालीवाल्यालाच विचारावे लागते. हाफलिंगच्या (माणसाच्या निम्म्या उंचीच्या प्रजातीच्या) फाशावर १ पडला तर तो पुन्हा टाकता येतो. एल्फ झोपतच नाही. चार तासांच्या ध्यानात त्याची विश्रांती पुरी होते, म्हणून रात्रीचा पहारा हमखास त्याच्या गळ्यात पडतो.

माणूस निवडणे नीरस, असा एक समज आहे. पण २०१४ च्या एका पर्यायी नियमाने माणसाला पहिल्याच पातळीवर एक ‘फीट’, म्हणजे खास कौशल्य, दिले आणि हिशेबी खेळाडू त्याच्यावरच तुटून पडले. २०२४ च्या मुख्य पुस्तकात दहा प्रजाती आहेत. ऑर्क त्यांत आला. हाफ-ऑर्क आणि हाफ-एल्फ मात्र वगळले गेले. ज्यांची जुनी पात्रे तशी आहेत ते गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, संमतीने २०१४ चेच नियम वापरतात.