दिसणं वेगळं, बोलणं वेगळं: ‘उन जोर्नो इन प्रेतूरा’ बघताना होणारा घोळ

स्तेनो दिग्दर्शित ‘उन जोर्नो इन प्रेतूरा’ (१९५४) या इटालियन कोर्ट-कॉमेडीबद्दल लिहिताना लोक विविधता आणि प्रतिनिधित्व एकाच पारड्यात टाकतात. मग निकाल दोनच लागतात. एक तर ‘सगळे गोरेच, म्हणजे विविधता शून्य’, नाहीतर ‘बायका आहेत, गोरगरीब आहेत, म्हणजे प्रतिनिधित्व झालं’. दोन्ही चूक. त्यातही दुसरा निकाल जास्त नुकसान करतो, कारण तो ऐकायला बरा वाटतो.

विविधता म्हणजे पडद्यावर कोण कोण आलं. ते सगळ्यांना कळतं, फार बोलायला नको. रोममधलं खालचं न्यायालय, किरकोळ खटले, एकामागून एक आरोपी. न्यायाधीशाच्या भूमिकेत नट पेप्पिनो दे फिलिप्पो, अस्सल नेपल्सचा. आरोपींच्या भूमिकांत नट आल्बेर्तो सोर्दी, अस्सल रोमचा. त्या काळच्या इटलीत माणूस पहिल्यांदा ओळखला जायचा तो बोलीवरून आणि प्रांतावरून. नुसता कातडीचा रंग बघणाऱ्याला हे ऐकूच येत नाही.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न असा: आलेल्या माणसाची गोष्ट कोणाच्या हातात आहे?

सोर्दीचा नांदो मेरिकोनी बघा. अमेरिकेच्या वेडाने झपाटलेला रोमन पोरगा, ओढ्यात नागडा पोहला म्हणून कोर्टात उभा. तोंडात अमेरिकन ठेका, पण आतून रोमची बोली बाहेर येतेच. सोर्दी स्वतः रोमच्या त्रास्तेवेरे भागातला, आणि पटकथेच्या श्रेयात त्याचंही नाव आहे. म्हणजे हसू नांदोवर येत असलं, तरी ते कुठल्या शब्दावर यावं, हे ठरवणाऱ्यांत त्याच वस्तीतला माणूस बसलेला आहे. त्याच वर्षी नांदोला ‘उन आमेरिकानो आ रोमा’ हा स्वतःचा चित्रपट मिळाला. याला मी बेधडक प्रतिनिधित्व म्हणेन.

आता सोफिया लॉरेन आणि सिल्वाना पांपानिनी. दोघी ठळक भूमिकांत आहेत, लक्षातही राहतात. पण लेखनाच्या श्रेयात स्तेनो आहे, लुचो फुल्ची आहे, सोर्दी आहे. या दोघींपैकी कोणी नाही. त्यांनी काय बोलायचं हे दुसऱ्यांनी लिहून दिलं. ही विविधता झाली, आणि ती तिथेच थांबली. त्यांची नावं मोजून चित्रपटाला शाबासकी देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. बायका दिसल्या, एवढ्यावर समाधान मानायचं, तर मग त्यांच्या वाटचं बोलणं मागणार कोण?

याच्या उलट एक तक्रारही नेहमी येते: ‘स्त्री न्यायाधीश का नाही दाखवली?’ कारण ती असूच शकत नव्हती. १९१९ च्या कायद्याने इटलीतल्या स्त्रियांना वकिलीसह अनेक व्यवसाय खुले केले, पण न्यायदानाची पदं बंदच ठेवली. १९४८ च्या राज्यघटनेने सरकारी पदांवर समान हक्काचं वचन दिलं, तरी न्यायाधीशपदाचा दरवाजा उघडायला १९६३ उजाडावं लागलं. पहिल्या आठ जणी रुजू झाल्या १९६५ मध्ये. म्हणजे १९५४ च्या पडद्यावरची ती पुरुषाची खुर्ची हे खरंखुरं चित्र आहे. त्याचा दोष कायद्याचा, स्तेनोच्या माथी मारू नका.

वकिलाच्या जागेचं मात्र तसं नाही. लिदिया पोएत ही बाई १९२० मध्येच तोरिनो शहराच्या वकीलसूचीत दाखल झाली होती. १९५४ मध्ये एखाद्या नांदोची बाजू मांडायला काळ्या झग्यातली बाई उभी करायला कुठलाही कायदा आडवा येत नव्हता. तरी मुख्य भूमिकांत अशी एकही नाही, आणि तिथे जबाब द्यायचा तो लिहिणाऱ्यांनी.