क्रिस्परनंतरची निवड: हिरवी पेशी म्हणजे एडिट झालेली पेशी नव्हे

क्रिस्परबद्दल, म्हणजे जीन हवा तिथे कापून बदलण्याच्या तंत्राबद्दल, वाचलं की वाटतं, कात्री आत सोडली, जीन कापला, झालं काम. पण खरी मेहनत त्यानंतरच असते, कारण डिशमध्ये लाखो पेशी असतात, ट्रान्सफेक्शन केलं, म्हणजे बाहेरून डीएनए पेशीत सोडला, की प्लाझ्मिड (कात्रीची माहिती वाहणारं डीएनएचं छोटं कडं) काहींच्या आत जातं, बाकीच्या कोऱ्याच राहतात, आणि जिथे जातं तिथेही कुठे जीनची एकच कॉपी बदलते, कुठे सगळ्या, कुठे काहीच नाही. या गर्दीतून हवी ती पेशी हुडकायची कशी?

क्रिस्परवर काम करणारे शास्त्रज्ञ फेंग झांग यांच्या लॅबमधली दोन प्लाझ्मिड यासाठी जगभर वापरतात. पीएक्स४५९ मध्ये कॅस९ (म्हणजे ती कात्री) सोबत प्युरोमायसिन हे पेशी मारणारं औषध निकामी करणारा जीन असतो. प्युरोमायसिन रायबोसोमला, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राला, चकवतं, प्रोटीनची साखळी अर्ध्यात तुटते आणि पेशी मरते. दोन-तीन दिवसांत प्लाझ्मिड न मिळालेल्या पेशी गोल होऊन मीडियात (पेशी वाढतात त्या पोषक द्रवात) तरंगायला लागतात, तळाला चिकटून राहिल्या त्या आपल्या. डोस मात्र प्रत्येक सेल लाइनसाठी आधी तपासून ठेवायचाच. आणि औषध उगाच लांबवायचं नाही, कारण पेशी विभागत गेल्या की प्लाझ्मिड विरळ होतं, मग नीट एडिट झालेल्याही मरतात आणि उरतात त्या ज्यांच्या जिनोममध्येच, म्हणजे स्वतःच्या डीएनएतच, प्लाझ्मिड घुसून बसलंय, जे आपल्याला अजिबात नको असतं.

पीएक्स४५८ मध्ये औषधाला तोंड देणाऱ्या जीनऐवजी जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन, असतो. एक-दोन दिवसांनी पेशी सॉर्टरमध्ये (चमक बघून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात) टाकायच्या, त्या एकामागे एक ४८८ नॅनोमीटरच्या लेझरसमोरून जातात, हिरवी चमकली की तो थेंब विद्युतभारित होऊन बाजूला वळतो आणि थेट ९६ खणांच्या प्लेटमध्ये पडतो, एका खणात एक पेशी. मेलेल्या आणि जोडीने चिकटलेल्या पेशी इथेच गाळायला हव्यात, नाहीतर एका खणात दोन वेगवेगळे एडिट वाढतात आणि पुढचं सगळं मुसळ केरात.

इथे बरेच जण फसतात. चमक फक्त एवढंच सांगते की प्लाझ्मिड पोचलं, जीन बदलला की नाही ते ती सांगतच नाही! त्यासाठी दोन-तीन आठवडे क्लोन (एकाच पेशीपासून झालेली पिलावळ) वाढवून पीसीआर आणि सिक्वेन्सिंग, म्हणजे त्या जीनच्या प्रती काढून त्याची अक्षरं वाचणं, करावंच लागतं.

२०२३ मध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी मंजूर झालेल्या कॅसजेव्ही थेरपीत मात्र अशी एकेक पेशी निवडत नाहीत. पेशंटच्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून रक्ताच्या पेशी बनतात त्या मूळ पेशी) कोट्यवधी लागतात आणि डिशमध्ये जास्त दिवस ठेवल्या तर त्यांचं स्टेमपण जातं, म्हणून तिथे एडिटिंगच इतकं चांगलं व्हावं लागतं की सगळा लॉट तसाच परत देता येईल.