गिधाडं कमी झाली हे नक्की कळलं कसं

आमच्याकडे कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, पूर्वी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची, आता एक दिसत नाही, असंच सांगतील. पण "दिसत नाहीत" वरून त्यांना मारणाऱ्या गुरांच्या औषधावर बंदी येत नाही, त्याला आकडा लागतो. आणि तो आकडा आपल्याकडे होता, हे मला तरी फार मोठं नशीब वाटतं.

झालं असं की 1991 ते 93 मध्ये बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) लोकांनी देशभर गाडीतून फिरून शिकारी पक्षी मोजले होते, तेव्हा गिधाडं इतकी होती की त्यांची काळजी कुणालाच नव्हती. राजस्थानात भरतपूरला मात्र बीएनएचएसचेच संशोधक विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या 1987-88 मधल्या 353 जोड्यांच्या 1996-97 मध्ये 150 च उरल्यात. मग 2000 साली जुने रूट काढले, तेच रस्ते, तशीच हळू चालणारी गाडी, दोन्ही बाजूंना 500 मीटरपर्यंत जेवढी दिसतील तेवढीच धरायची. पुन्हा 2002, 2003, 2007.

यात देशात एकूण गिधाडं किती हे कळत नाही, आणि ट्रेंड काढायला ते लागतही नाही. दर वेळी थोडी नजरेतून सुटणारच, पण पद्धत तीच ठेवली तर दर वेळी साधारण त्याच प्रमाणात सुटतात, त्यामुळे तुलना खरी निघते. रस्ता बदलला, पट्टा वाढवला की सगळं मुसळ केरात. आणि ज्या रस्त्यावर काहीच दिसलं नाही तिथे शून्य लिहायचंच, तो टाळून फक्त "चांगले" रस्ते धरले तर पक्षी आहेत तेवढेच आहेत असं वाटत राहतं.

निकाल भयंकर होता. पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 मध्ये 99.9 टक्के घटली, म्हणजे जिथे हजार दिसायची तिथे एक! कारण 2004 साली पाकिस्तानातल्या अभ्यासात सापडलं, गुरांना द्यायचे ते डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक, ते मेलेल्या जनावरातून पोटात गेलं की गिधाडाची किडनी बंद पडते. गणिती मॉडेलमधून असंही दिसलं की एवढी घट व्हायला शंभरात एखादं ढोरही असं विषारी असलं तरी पुरतं. 2006 ला जनावरांसाठी बंदी आली, पुढच्या मोजणीत घसरण बरीच मंदावलेली दिसली.

आता वेगळीच अडचण आहे, गिधाडं इतकी कमी की दिवसभर गाडी फिरवून दोन दिसली आणि पुढच्या खेपेला तीन, तर वाढली म्हणायची का योगायोग? म्हणून घरटी मोजणं जास्त भरवशाचं. कोकणात म्हसळ्याकडे उंच झाडांवर ती आहेत, जोडी वर्षाला एकच अंडं घालते, ते पिल्लू मोठं होऊन स्वतः घरटं करायला पाचेक वर्षं लागतात. म्हणजे यंदा उडालेलं पिल्लू मोजणीत घरट्याच्या रूपाने यायला तेवढी वर्षं त्याच झाडांखाली जाऊन उभं राहावं लागणार.