पन्नाशीचा नाच आणि कानातली चुनखडी

लग्नसराई सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक जुना फॉरवर्ड नव्याने फिरायला लागतो: ‘नाचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका 76 टक्क्यांनी कमी करा.’ आकडा खोटा नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या 75 वर्षांवरच्या 469 जणांचा अभ्यास 2003 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला होता. सरासरी पाचेक वर्षांत त्यातल्या 124 जणांना स्मृतिभ्रंश झाला, आणि शारीरिक हालचालींपैकी एकट्या नाचाचाच कमी धोक्याशी संबंध दिसला. पण संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. ज्याचे गुडघे आणि डोकं शाबूत, तोच पंचाहत्तरीत नाचायला जातो. स्मृतिभ्रंश निदानाच्या कितीतरी वर्षं आधीपासून आत मुरत असतो आणि माणूस तेव्हाच हळूहळू नाचातून बाजूला होतो. म्हणून गोळी घेतल्यासारखा नाच करण्यात अर्थ नाही. नाचायला याहून बरी कारणं आहेत आणि त्यातलं सगळ्यात गमतीचं कारण कानात दडलंय.

पुण्या-मुंबईत क्लब चार भिंतींत असतो, मराठवाड्यात तो चाकांवर चालतो. पुढे गाडीवर रचलेले बेसचे बॉक्स, मागे जनरेटर, वर डोळे दिपवणारे लाइट, आणि गाडीपुढच्या वीसेक फुटांच्या रस्त्यावर नवरदेवाचे मामा, काका, फुवा. आत्या आणि मावश्या हळदीच्या रात्री मंगल कार्यालयात सगळी कसर भरून काढतात. एरवी जिना चढताना कठडा धरणारे भावजी बेस पडला की आपोआप हलायला लागतात. हे ‘आपोआप’ नेमकं काय आहे?

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातला एक सुरेख प्रयोग 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रॉनिक संगीताची खरीखुरी मैफल, नाचायला आलेले खरे प्रेक्षक, आणि काहींच्या डोक्याला हालचाल टिपणारे पट्टे. संशोधकांनी 8 ते 37 हर्ट्झचा, म्हणजे कानाला जेमतेम लागेल न लागेल इतका खालचा आवाज काढणारे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. ते चालू असताना लोक सरासरी 11.8 टक्के जास्त हलले. आणि तो आवाज आहे की नाही, हे ओळखणं त्यांना जमलं नसतं. ऐकू न येणारी गोष्ट पाय हलवते, म्हणजे ती बहुधा ऐकण्याच्या नेहमीच्या वाटेने मेंदूत गेलेली नाही.

कानात दोन यंत्रं शेजारी शेजारी बसलेली आहेत, हे शाळेत एका ओळीत उरकतात. गोगलगायीच्या शंखासारखं असतं ते ऐकण्याचं. त्याला लागून तोल सांभाळणारं: तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन चिमुकल्या पिशव्या. नळ्या डोक्याचं फिरणं मोजतात. पिशव्या सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षण ओळखतात. एका पिशवीचं नाव युट्रिकल, दुसरीचं सॅक्यूल. प्रत्येकीत केसाळ पेशींचा एक पट्टा, त्यावर डिंकासारखा थर, आणि थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे हजारो बारीक खडे. आपल्या वाड्यांतली शहाबादी फरशी ज्या चुनखडीची, तीच चुनखडी इथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या कणांत बसलेली असते. डोकं वर उचललं की जड खडे क्षणभर मागे राहतात, खालचे केस वाकतात, आणि ‘वर गेलो’ असा निरोप मेंदूला जातो.

सॅक्यूलचा पट्टा उभा असतो, म्हणून तिला वर-खाली हालचाल चांगली कळते. उडी मारल्यावर जी कळते ती. आणि तिची जागा पाहा. मधल्या कानातलं रिकिबीच्या आकाराचं शेवटचं हाड ज्या खिडकीवर आवाजाचे ठोके देतं, तिच्या अगदी पाठीशी सॅक्यूल असते. कितीतरी माशांमध्ये ऐकण्याचं मुख्य काम तीच करते. माणसात ते काम शंखाने घेतलं, पण सॅक्यूल जुनी सवय पुरती विसरलेली नाही. आवाज मोठा आणि खालच्या पट्टीतला असला की खिडकीवरचा ठोका तिलाही लागतो आणि ती मेंदूला कळवते की डोकं हललं. डोकं तर जागेवर असतं!

याचा पुरावा कान-नाक-घसा विभागांत रोज काढला जातो. कानात साधारण 500 हर्ट्झचा मोठा टोला वाजवतात. कानामागून गळ्याच्या हाडाकडे तिरपा उतरणारा ताणलेला स्नायू सुमारे 13 मिलिसेकंदांत किंचित सैल पडतो, आणि ते इलेक्ट्रोडवर दिसतं. इतक्या वेळात विचार करणं शक्य नाही. हा सॅक्यूलपासून मानेपर्यंतचा थेट धागा आहे. ब्रिटनमधल्या टॉड आणि कोडी या संशोधकांनी 2000 साली दाखवलं की नाचाच्या संगीताला सॅक्यूल साधारण 90 डेसिबलच्या पुढे प्रतिसाद द्यायला लागते, आणि क्लबांतला आवाज नेमका त्याच्या वरच असतो. नाच सुचण्यामागे एकटी सॅक्यूल नाही. छातीच्या पोकळीत घुमणारा दणका आहे, पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज बांधणारी मेंदूतली केंद्रं आहेत. तरीही ‘बेसने उचललं’ हे लोकांचं वर्णन शरीरशास्त्राच्या फार जवळ जातं, हे कबूल करावं लागेल.

आता वय. साठीनंतर या धाग्याचा प्रतिसाद क्षीण होत जातो. खडे झिजतात, केसाळ पेशी गळतात. शंखात मात्र झीज दुसऱ्या टोकाने होते. तिथे आधी जातात ते वरचे सूर, म्हणजे स, श, फ, थ. बेस टिकून राहतो. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी ढोल पहिल्यासारखाच ऐकू येतो, पण गाण्याचे शब्द कळत नाहीत आणि कानाशी येऊन भाचा काय म्हणतोय तेही नाही. मग डीजेवाल्याला खूण केली जाते: वाढव! वाढवण्याने शब्द परत येत नाहीत, उरलेले केस तेवढे जातात. सस्तन प्राण्यांच्या शंखात ते पुन्हा उगवत नाहीत.

कानाला किती आवाज किती वेळ चालेल याचा हिशेब सोपा आहे. 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 94 ला एक, 97 ला अर्धा, 100 ला पंधरा मिनिटं. मारुतीच्या देवळापासून मंगल कार्यालयापर्यंत परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, दीड तास रेंगाळतो आणि दिवसाचा कोटा पहिल्या चौकातच संपलेला असतो.

इथे मोबाइलवरचं आवाज मोजणारं अ‍ॅप फसवतं. बहुतेक अ‍ॅप ‘ए’ भारांकन (पट्टीनुसार आवाजाला कमी-जास्त वजन देण्याची पद्धत) वापरतात. ते माणसाच्या कानाची नक्कल करतं, म्हणून खालच्या पट्ट्या कापतं, आणि 50 हर्ट्झला तब्बल 30 डेसिबल. म्हणजे 110 डेसिबलचा बेस स्क्रीनवर 80 दिसतो. ‘सी’ भारांकनात 50 हर्ट्झची कपात दीड डेसिबलपेक्षाही कमी असते. अ‍ॅपमध्ये ए आणि सी असे दोन्ही पर्याय असतील तर दोन्ही आकडे बघा. फरक 15-20 च्या वर गेला तर समोर शुद्ध बेसची भिंत आहे. कानाच्या धोक्याचा हिशेब ‘ए’वरच करायचा, पण काचा का थरथरतात ते ‘सी’ सांगतो. शिवाय इतक्या मोठ्या आवाजाला मोबाइलचा माइक स्वतःच गुदमरतो आणि आकडा कमी दाखवतो.

उपाय दोन. एक, लांब व्हा. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की 6 डेसिबल उतरतात. गल्लीत, दोन्हीकडे भिंती आणि समोर बॉक्सची रांग असताना कमी उतरतात, पण उतरतात. दुसरा उपाय फोमचे इअरप्लग. ते नुसते कानाशी टेकवून उपयोग नाही. प्लग बोटांत दाबून काडीसारखा बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. फोम वरचे सूर जास्त अडवतो आणि बेस कमी. त्यामुळे छातीतला दणका तसाच राहतो, म्हणजे मजेला धक्का लागत नाही. कापसाचा बोळा मनाचं समाधान करतो, फार काही अडवत नाही. सकाळी कान सुन्न वाटले किंवा शिट्टी वाजत राहिली तर समजायचं, कोटा ओलांडला. एकाच कानाचं ऐकणं अचानक गेलं तर लसणाचं गरम तेल घालत बसू नका. त्यावरची औषधं पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतात.

तोलाकडे वळू. तोल तीन ठिकाणांहून येतो: डोळे, तळपाय आणि कान. वरातीत लाइटची उघडझाप डोळे काढून घेते, जाड तळाची चप्पल तळपाय काढून घेते. उरतो कान, आणि तो पन्नाशीचा. शिवाय रस्त्यावर जनरेटरच्या केबली पसरलेल्या. म्हणून मागे पट्टा असलेली, पातळ आणि थोड्या घसरत्या तळाची पादत्राणं बरी. रबरी तळ सिमेंटला चिकटतो, गिरकी घेताना पाऊल तिथेच राहतं आणि पीळ गुडघ्याच्या गादीवर येतो. एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का, हे ओट्याला हात पुरेल अशा जागी आधीच बघा. सराव नव्या पावलांचा हवा. जर्मनीतल्या माग्देबुर्गमध्ये 2017 साली आलेल्या अभ्यासात अठरा महिने एका गटाने सतत नवे नाच शिकले, दुसऱ्याने ठरावीक व्यायाम केला. मेंदूतला स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग दोघांतही वाढला, पण तोल सुधारला तो नाचणाऱ्यांचाच. लेझमीचे हात किंवा पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीतली पावली, दोन्हीत वजन एका पायावरून दुसऱ्यावर सारखं बदलतं. त्याहून चांगला सराव शोधायची गरज नाही.

पोटरीचं थोडक्यात. गुडघा सरळ ठेवून चवड्यावर उडी मारली की चाळिशी-साठीतली पोटरी आतल्या बाजूला फाटते, आणि मागून कुणी दगड मारला असं वाटून माणूस वळून बघतो. लगेच थांबा, बर्फ, क्रेप बँडेज, पाय उंच. पहिले काही दिवस मालिश नको. टाळण्यासाठी लग्नाच्या महिनाभर आधीपासून पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली, पंधराचे दोन फेरे, एक दिवसाआड. दम मोजायची ‘बोलता येतंय का’ ही चाचणी डीजेपुढे निकामी असते. बाजूला होऊन नाडी 15 सेकंद मोजा आणि चारने गुणा. पंचावन्नाव्या वर्षी 115-120 च्या वर गेली तर एक गाणं बसून काढा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (ठोके मंद ठेवणाऱ्या गोळ्या) चालू असतील तर नाडी फारशी वाढत नाही, तिथे हा हिशेब लावू नका.

आणि शेवटी नागीण. रुमालाची पुंगी करणाऱ्यापुढे माणूस गुडघ्यांवर बसतो, मान पूर्ण मागे टाकतो, डोकं डावी-उजवीकडे घुसळतो. युट्रिकलचे सैल झालेले खडे निसटून मागच्या नळीत पडायला याहून सोयीची अवस्था नाही. दुसऱ्या दिवशी गादीवर कूस बदलताच खोली गरकन फिरते, अर्ध्या-एक मिनिटात थांबते, पुन्हा कूस बदलली की पुन्हा. घरात मीठ-मोहरीने दृष्ट काढली जाते आणि काही आठवड्यांत चक्कर जाते, कारण खडे बऱ्याचदा आपसूक विरतात किंवा जागेवर परततात. श्रेय मोहरीला मिळतं. (रात्री पेग झाले असतील तर गरगर वेगळी असते. दारू नळीतल्या पडद्यात भोवतालच्या द्रवाच्या आधी शिरते, पडदा हलका होऊन तरंगतो, आणि आडवं पडल्यावर खोली फिरतच राहते.)

खड्यांचा इलाज यांत्रिक आहे. कोणता कान ते डॉक्टरांनी बघितल्यावर, उजवा असेल तर: पलंगावर बसून डोकं उजवीकडे 45 अंश, तसंच झपकन उताणं, मान कडेखाली थोडी लोंबती, चक्कर थांबेपर्यंत, निदान अर्धा मिनिट. मग डोकं डावीकडे 90 अंश, अर्धा मिनिट. मग अंगासकट डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, अर्धा मिनिट. मग पाय खाली सोडून बसायचं. मानेचा मणका खराब असलेल्यांनी घरी करू नये. खडे वळणावरून घरंगळत पिशवीत परततात आणि बऱ्याचदा एक-दोन फेऱ्यांत काम होतं. त्याच आठवड्यात दुसरं लग्न असलं तरी जायला हरकत नाही. नागीण भाच्याला होऊ द्या, पुंगी तुम्ही वाजवा.