टोनआर्मचे वजन नेमके कुठे आहे?

टोनआर्म, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा सुई धरणारा दांडा, जितका जड आणि जितक्या मोठ्या नावाचा, तितका आवाज चांगला, असा समज जुन्या वस्तूंच्या संग्राहकांमध्ये घट्ट बसला आहे. प्रत्यक्षात पाहायचे असते ते परिणामी वस्तुमान, म्हणजे सुईला आर्मचे जेवढे वस्तुमान जाणवते ते.

आर्म बेअरिंगभोवती फिरतो, म्हणून प्रत्येक ग्रॅम बेअरिंगपासून किती लांब आहे याला महत्त्व येते. सुईपाशी असलेला 1 ग्रॅम पुरा मोजला जातो, निम्म्या अंतरावरचा फक्त पाव, कारण इथे अंतराचा वर्ग लागतो. समजा, सुई बेअरिंगपासून 23 सेंमीवर आहे. मागे 100 ग्रॅमचे काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारे वजन, 4 सेंमीवर लावले तर परिणामी वस्तुमानात 3 ग्रॅमची भर पडते. 50 ग्रॅमचे 8 सेंमीवर लावले तर तोल तोच राहतो, पण भर 6 ग्रॅमची! मागचे वजन जड आणि बेअरिंगला चिकटून हवे ते यासाठी.

हे वस्तुमान आणि कार्ट्रिजमधली (सुई बसवलेल्या छोट्या डबीतली) सुईची लवचीकता, म्हणजे कंप्लायन्स, मिळून स्प्रिंगला लावलेल्या वजनासारखी एक रचना बनते. तिची स्वाभाविक वारंवारता काढायला 159 ला, आर्मचे परिणामी वस्तुमान व कार्ट्रिजचे वजन यांचे एकूण ग्रॅम गुणिले कंप्लायन्स (मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन) याच्या वर्गमुळाने भागावे. उत्तर 8 ते 12 हर्ट्झ हवे. 6 ग्रॅमचे, 25 कंप्लायन्सचे कार्ट्रिज 5 ग्रॅम परिणामी वस्तुमानाच्या, एसएमई या ब्रिटिश कंपनीच्या 3009 सीरिज थ्री आर्मवर 9.6 हर्ट्झ देते. तेच 35 ग्रॅमच्या एफआर-64एस या जपानी आर्मवर लावले की 5 हर्ट्झ. वाकड्या तबकडीची हालचाल नेमकी याच पट्ट्यात असते, म्हणून आर्म डोलतो आणि वूफरचा (खालच्या सुरांच्या स्पीकरचा) पडदा उगाच आतबाहेर होतो. एफआर कमी कंप्लायन्सच्या कार्ट्रिजसाठीच घ्यावा. जपानी कंपन्या कंप्लायन्स बहुधा 100 हर्ट्झला मोजतात. तो आकडा दीडपट ते दुप्पट करून सूत्रात घालावा.

जुन्या धातूत आवाज ‘मुरतो’ हे विक्रेत्यांचे बोलणे सोडून द्यावे. बेअरिंग मात्र झिजते. तपासताना सुईचा दाब आणि अँटिस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) शून्यावर ठेवून आर्म समतोल करा आणि हलकी फुंकर मारा. तो कुठेही न अडखळता सरकला पाहिजे. मग बेअरिंगपाशी धरून हळूच हलवा. खडखड जाणवली तर सौदा सोडा. नाइफ-एज, म्हणजे पात्यासारख्या धारेवर टेकलेल्या, बेअरिंगच्या एसएमईत आर्म वर उचलला की जरासा उठतो, तो दोष नव्हे. 3009 च्या मागच्या दांड्यातले रबर मात्र पाहाच. ते थकले की काउंटरवेट खाली झुकते. एसएमईने 2019 च्या अखेरीस सुटे टोनआर्म विकणे थांबवले, तेव्हा शाबूत रबराच्या आणि पुऱ्या भागांच्या आर्मला जास्त मोल द्यावे.