जाझ म्हणजे गोंगाटच?
ठाण्यात तलावपाळीवर गप्पांत जाझचं नाव काढलं की हमखास ऐकू येतं, ‘नको बाबा, ते ड्रम आणि ट्रम्पेट!’ सगळा जाझ तसा नसतो. १९३४ साली पॅरिसमध्ये गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यांचा जो पंचक वाद्यवृंद उभा राहिला, त्यात ड्रमही नव्हता, ट्रम्पेटही नव्हता. तीन गिटार, एक व्हायोलिन, एक डबल बास (व्हायोलिनसारखंच, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य), सगळी तंतुवाद्यं. ठेका धरायचा तो साथीच्या गिटारींनी. तारा छेडायच्या आणि लगेच दाबायच्या, की झाला ताल. (१९२८च्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाली होती, तरी ही तयारी!) घोडबंदर रोडच्या कोंडीत ग्रापेलीचं व्हायोलिन लावून बघा. सुरुवात मात्र संथ चालींपासून. द्रुत चाली झोपेआधी मुळीच नकोत.